आधी भाव विचार

चि. सोनू,


तुझा मेसेज वाचला. ‘वाढदिवसाला कपडे नकोत, गेममध्ये टॉप-अप कर, गेम तर फुकटच आहे’ असं लिहिलंयस. ‘फुकट’ आणि ‘टॉप-अप’ एकाच वाक्यात वाचून मजा वाटली. जन्मभर बँकेत परक्यांचे हिशेब तपासले, म्हटलं आता भाच्याच्या गेमचाही तपासू. दोन संध्याकाळी त्यात गेल्या.

तुझा ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ शांघायच्या मिहोयो कंपनीने सप्टेंबर 2020 मध्ये आणला. त्यातली गोष्ट, डोंगरदऱ्या, संगीत यांतलं बरंच काही एक पैसा न देता अनुभवता येतं, हे मला मान्य आहे. तेव्हा ‘ही लूट आहे’ असं मी म्हणणार नाही; ते तुझे बाबा म्हणतातच. मी फक्त एवढंच विचारते, की तुला जे पाच तारेवालं पात्र हवंय, त्याचा भाव किती?

तो कुठेच लिहिलेला नाही. पैसे देऊन जेनेसिस क्रिस्टल घ्यायचे, त्यांचे प्रिमोजेम करायचे, 160 प्रिमोजेमची एक फेट घ्यायची आणि ती खर्चून एक विश करायची. तिसऱ्या वळणावर रुपया कुठे राहिला हे कोणाच्या लक्षात राहणार? त्यात आणखी एक बारकावा बघ. अमेरिकेत 99.99 डॉलरला मिळणाऱ्या सर्वांत मोठ्या पाकिटात बोनस धरून 8,080 क्रिस्टल असतात (पहिल्या खरेदीची दुप्पट सोडून दे). त्याला 160 ने भाग. साडेपन्नास येतात. अर्धी विश करता येत नाही, मग 80 प्रिमोजेम पडून राहतात, आणि ‘अजून थोडेच हवेत’ असं वाटत राहतं. हा आकडा सहज असा पडला असेल, असं माझ्यातल्या कारकुनाला तरी वाटत नाही.

आता विश. आकाशातून तारा पडतो. निळा पडला की तू हिरमुसतोस, जांभळा पडला की बरं वाटतं, आणि सोनेरी पडला की घरभर ओरडत फिरतोस, असं वहिनी सांगत होती. तो सोनेरी दर वेळी पडण्याची शक्यता 0.6 टक्के, हे कंपनीनेच जाहीर केलंय. म्हणजे 50 विश करूनही शंभरातल्या साधारण 74 जणांच्या हाती पाच तारेवालं काहीच लागत नाही. 90 व्या विशला ते नक्की मिळतं, ती तुमची ‘पिटी’. पण तेव्हाही हवं तेच पात्र मिळेल याची खात्री नाही. दुसरंच आलं तर पुन्हा 90 पर्यंत मोजायचं, मग मात्र हवं तेच. वाईटात वाईट 180 विश, म्हणजे 28,800 प्रिमोजेम. सगळे विकत घ्यायचे तर ती मोठी पाकिटं चार लागतात, जवळजवळ 400 डॉलर. 85 रुपयांचा डॉलर धरलास तर 34,000 रुपये. आणि ही फक्त एक प्रत. तेच पात्र पूर्ण ताकदीचं करायला सात लागतात!

दुकानदाराने ‘हा शर्ट 160 मण्यांचा आहे, पण मिळेलच असं नाही’ म्हटलं असतं तर तू दुकानाची पायरी चढला नसतास. इथे मात्र रोज चढतोस, कारण बॅनर, म्हणजे त्या पात्राची सोडत, साधारण तीन आठवडेच असतो, आणि रेझिन, म्हणजे गेममधली बक्षिसं उचलायला लागणारी ऊर्जा, दर आठ मिनिटांना एक भरतं ते 200 वर थांबतं. वेळेवर वापरलं नाही तर वाया. ‘वेल्किन मून’ तर कहर आहे. पैसे आगाऊ द्यायचे आणि महिनाभर रोज 90 प्रिमोजेम उचलायचे; ज्या दिवशी गेम उघडला नाहीस, त्या दिवसाचे बुडाले. असली ठेव आमच्या शाखेने काढली असती तर रिझर्व्ह बँकेने दुसऱ्या दिवशी जाब विचारला असता.

यात तू एकटा नाहीस; सरकारांनाही दखल घ्यावी लागली. जपानने 2012 मध्येच गाचाचा, म्हणजे असल्याच सोडतीचा, एक प्रकार बंद करायला लावला; सोडतीत मिळणाऱ्या ठरावीक वस्तूंचा पूर्ण संच जमवला तरच मोठं बक्षीस मिळायचं. दक्षिण कोरियात जानेवारी 2024 मध्ये नेक्सॉन कंपनीला 11.6 अब्ज वॉन दंड झाला. त्यांच्या ‘मेपलस्टोरी’ गेममध्ये लोक वस्तूंची ताकद बदलणारे क्यूब विकत घेत राहिले, पण त्यातल्या काही हव्या त्या जोड्या निघण्याची शक्यता कंपनीने गुपचूप शून्यावर आणली होती. तुझ्या गेमच्या कंपनीने अमेरिकेत जानेवारी 2025 मध्ये दोन कोटी डॉलर भरून सरकारशी तडजोड केली. 16 वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या संमतीशिवाय असल्या सोडती विकायच्या नाहीत, अशीही अट आहे. आपल्याकडच्या 2025 च्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्यावर आहे. तुझ्या गेममध्ये पैसे जिंकायची सोयच नाही. ते फक्त जातात.

एक गोष्ट खटकली ती सांगते. बहुतेक जण काहीच देत नाहीत म्हणून तू खूश आहेस, पण असे गेम चालतात ते थोड्या, भरमसाट खर्च करणाऱ्यांवर. तुझ्यासारख्या फुकट्यांची गर्दी नसेल तर त्यांनी ते पात्र मिरवायचं कोणापुढे? आणि त्या थोड्यांतलाही कोणी पहिल्या दिवशी हजारोंनी खर्च करायचं ठरवून आलेला नसतो.

तेव्हा असं कर. विशचा इतिहास उघड, शेवटच्या सोनेरीनंतर किती झाल्या ते मोज, मागच्या वेळी हवं ते मिळालं की दुसरं ते बघ, आणि इथून पुढे वाईटात वाईट किती विश लागतील ते रुपयांत लिहून मला पाठव. प्रिमोजेममध्ये नको. तो आकडा बघूनही तुला ते पात्र हवं असेल तर माझ्या वाट्याचे 1,000 रुपये त्यात घाल, मी विचारणार नाही. वर एक पैसाही मिळणार नाही, आजीकडून तर नाहीच. तिला मी आधीच सांगून ठेवलंय. आणि बाबांचं कार्ड तुझ्या फोनमध्ये सेव्ह असेल तर आजच काढ.

तुझी,
आत्या