सही कुणाची घ्यायची?

वैद्यकीय नीतिशास्त्राचा तास म्हटला की स्वायत्तता, हित, अपाय टाळणं आणि न्याय ही चार तत्त्वं फळ्यावर येतात आणि पोरं ती घोकतात. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात ‘एटकॉम’ (वृत्ती, नीती आणि संवाद) आलं, तरी घोकंपट्टी सुटलेली नाही. कराड, सातारा, मिरजेच्या शिक्षकांना माझं सांगणं एवढंच, की यातला एक तरी तास वडूजसारख्या ग्रामीण रुग्णालयात घ्या.

आधी विद्यार्थ्यांच्या हातात मराठी संमतिपत्र द्या आणि मोठ्याने वाचायला लावा. ‘मला सर्व धोके समजावून सांगितले आहेत’ इथे थांबवा. कोणते धोके? ते एकही इंग्रजी शब्द न वापरता सांगायला लावा. भले भले इथे अडखळतात.

मग प्रसंग उभा करा. खटाव-माणमधले कितीतरी पुरुष गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात परराज्यात असतात. ऑपरेशनसाठी आलेल्या सुनेबरोबर असते सासू. एका विद्यार्थिनीला सासू करा : “काय ते मला सांगा, तिला काय कळतंय?” इंटर्नने चिडायचं नाही, सासूला डावलायचंही नाही. “आक्का, तुम्हालाही सांगतो. आधी ताईंशी दोन शब्द बोलू द्या, तोवर जरा बाहेर बसा.” हे वाक्य सहज तोंडी येईपर्यंत घोटून घ्या. नवऱ्याने फोनवरून ‘हो’ म्हटलं, तर ती संमती कुणाची, हेही विचारा.

कायदा त्यानंतर. समीरा कोहली खटल्यात रुग्ण भुलीखाली असताना आईची परवानगी घेऊन गर्भाशय काढलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ती संमती मानली नाही. गर्भपातालाही सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही. हे अनेक मुरलेल्या डॉक्टरांनाही ठाऊक नसतं.

म्हैसाळ टाळू नका. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या या गावात गर्भपातात एका विवाहितेचा जीव गेला आणि तपासात १९ भ्रूण पुरलेले सापडले. अशा गर्भपातांमागच्या लिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने देशाआधी, १९८८ मध्येच कायदा केला होता. गटांना विचारा : शेजारच्या गावातल्या डॉक्टरच्या कानावर म्हैसाळमधला हा प्रकार आला असता, तर त्याने काय करायला हवं होतं? उत्तर देण्याची घाई शिक्षकाने करू नये. अवघडलेली शांतता टिकू द्यावी.

परीक्षा लेखी नको. इंटर्नने जिची सही घेतली, तिला थोड्या वेळाने, तिची हरकत नसेल तर, शिक्षकाने विचारावं : “ताई, कसलं ऑपरेशन आहे? नको म्हणालात तर चालेल का?” दोन्हींची उत्तरं तिला देता आली, तरच त्या इंटर्नला पास करा.