टिचकीचे मोल

वर्तमानपत्रातील जाहिरातीचे पैसे जागेच्या मापावर ठरतात. महाजालावरील शोधयंत्राचा हिशेब निराळा आहे. तेथे जाहिरात नुसती दिसली म्हणून नव्हे, तर कोणी तिच्यावर टिचकी मारली म्हणून पैसे पडतात. ‘गोटू डॉट कॉम’ या अमेरिकी संकेतस्थळाने १९९८ मध्ये ही पद्धत रूढ केली. २००२ मध्ये गूगलने ती स्वीकारली.

प्रत्येक शोधाच्या वेळी जाहिरातदारांत क्षणार्धात लिलाव होतो. मात्र केवळ मोठी बोली पुरत नाही. जाहिरात शोधणाऱ्याच्या किती उपयोगाची आहे, हेही पाहिले जाते. म्हणून टिचकीचा दर सतत बदलतो.

दिल्लीच्या द्वारका उपनगरात एक गृहिणी जेवणाचे डबे पुरवते, असे समजू. शंभर टिचक्या प्रत्येकी दहा रुपयांना पडल्या, तर एक हजार रुपये झाले. १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून ११८० रुपये. शंभरांपैकी पाच जणांनीच डबा लावला, तर एका ग्राहकामागे २३६ रुपये खर्च झाले. त्या ग्राहकापासून मिळणारा एकूण नफा याहून कमी असेल, तर चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला!

शिवाय गुजरातमध्येही द्वारका आहे. जाहिरातीला प्रदेशाची मर्यादा घातली नाही, तर तेथील जेवण शोधणाऱ्या यात्रेकरूच्या टिचकीचे पैसेही या गृहिणीलाच भरावे लागतात. म्हणून लहान व्यावसायिकाने प्रथम आपला परिसर निश्चित करावा, रोजच्या खर्चाला मर्यादा घालावी आणि टिचक्या नव्हे, ग्राहक मोजावेत.