भिंतीवरचा साबण: लॉजवाल्याला किती पडतो, पाहुण्याला काय मिळतं

बाथरूममधल्या छोट्या बाटल्या आणि साबणाच्या वड्या काढून भिंतीवर डिस्पेन्सर बसवा, वर्षभरात पैसे वसूल, असं साबण पुरवणारा माणूस सांगतो. बोलणं पटतंही, कारण मोठमोठ्या हॉटेलांनी तेच केलं आहे. इंटरकॉन्टिनेंटल समूहाने जुलै २०१९ मध्ये जाहीर केलं, पुढच्याच महिन्यात मॅरियटने. मॅरियटचा अंदाज होता की जगभरातल्या त्यांच्या हॉटेलांतून वर्षाला ५० कोटी छोट्या बाटल्या कमी होतील. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला. पन्नासहून जास्त खोल्यांच्या हॉटेलांना तो २०२३ पासून लागू झाला, बाकीच्यांना २०२४ पासून. दक्षिण कोरियात मार्च २०२४ पासून पन्नास किंवा अधिक खोल्यांच्या हॉटेलांना एकदाच वापरायच्या अशा वस्तू फुकट देता येत नाहीत.

पण मॅरियटचा हिशेब बोईसरच्या लॉजला लागू पडेलच असं नाही. मॅरियटमध्ये पाहुण्याला तीस मिलीच्या तीन-तीन बाटल्या मिळायच्या. आपल्याकडच्या साध्या लॉजमध्ये मिळते कागदात गुंडाळलेली एक वडी आणि शाम्पूचं एक पाउच. डिस्पेन्सर परवडतो की नाही, हे डिस्पेन्सरच्या किमतीपेक्षा तुम्ही आज पाहुण्याला काय देता आणि पाहुणा किती रात्री राहतो, यावर ठरतं. पालघर तालुक्यात पाहुण्यांच्या तऱ्हा इतक्या वेगळ्या आहेत की चार मैलांच्या अंतरावर उत्तर बदलतं.

खालचे दर मी हिशेबासाठी धरलेले आहेत. तुमच्या शेवटच्या बिलावरचे आकडे त्या जागी घाला आणि पुन्हा गुणाकार करा.

आधी कर, कारण तिथेच गोम आहे

२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाचवर आला. पाहुण्याच्या दृष्टीने चांगलंच झालं. मालकाला मात्र खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळणं बंद झालं. साबण, चादरी, डिस्पेन्सर, ज्यावर जो कर भराल तो आता तुमच्या खिशातून. बोईसर-पालघरमधल्या जवळपास सगळ्या खोल्या या मर्यादेत बसतात. नोंदणीच नसलेल्या छोट्या घरगुती निवासांना वजावट आधीही नव्हती.

त्याच दिवशी साबणाची वडी, शाम्पू, केसांचं तेल, टूथपेस्ट आणि टूथब्रश यांवरचा कर अठरावरून पाच टक्क्यांवर आला. पातळ साबण, म्हणजे हँडवॉश आणि बॉडीवॉश, मात्र अठरावरच राहिला. थोडक्यात, वडी स्वस्त झाली आणि डिस्पेन्सरमध्ये ओतायचा माल होता तिथेच राहिला. जुन्या दरपत्रकावर हिशेब मांडून दाखवणारा विक्रेता हे सांगणार नाही. कॅनचा भाव विचारताना 'कर धरून किती' असंच विचारा, आणि अंगाला-केसांना एकच चालणारा माल असेल तर बिलावर कोणता कर लावणार तेही आधीच लिहून घ्या.

पाच लिटरचा कॅन ७०० रुपयांना धरू. वर अठरा टक्के म्हणजे १२६. एकूण ८२६, म्हणजे लिटरला १६५ रुपये. शाम्पूला कर कमी आहे, पण हिशेब सोपा राहावा म्हणून दोन्हीला हाच भाव लावला आहे.

बोईसर स्टेशनजवळचं लॉज

वीस खोल्या, त्यातल्या सरासरी बारा भरलेल्या. महिन्याला ३६० रात्री. पाहुणा बहुधा एकटा. कुठल्या तरी कारखान्यात मशीन बसवायला आलेला फिटर, औषध कंपनीचा ऑडिटर, शटडाउनच्या कामावरचा कंत्राटदाराचा माणूस. असा माणूस सरासरी तीन रात्री राहतो असं धरू, म्हणजे महिन्याला १२० चेक-इन. येताना चार रुपयांची एक वडी, ती तीन दिवस पुरते. रोज दोन रुपयांचं एक शाम्पूचं पाउच. वड्यांचे ४८० आणि पाउचचे ७२० मिळून महिन्याला १,२०० रुपये.

आता डिस्पेन्सर. एक माणूस दिवसाला साबण-शाम्पू मिळून वीस मिली वापरतो असं धरा. ३६० रात्रींना सव्वासात लिटरच्या आसपास, खर्च १,१८८ रुपये. वाचले बारा रुपये! आणि खोलीमागे दोन कुलपवाले डिस्पेन्सर अन् बसवणावळ मिळून हजार धरले तर वीस हजार रुपये भिंतीत गेले. ते परत यायचे नाहीत. अशा लॉजवाल्याला माझा सल्ला सरळ आहे: स्वच्छतेसाठी किंवा कचरा कमी करायला बसवायचे असतील तर खुशाल बसवा, बचतीसाठी नको.

मनोर आणि चिल्हार फाट्याकडचा हायवे

तेवढ्याच वीस खोल्या मुंबई-अहमदाबाद महामार्गावर असतील तर चित्र उलटं होतं. इथे पाहुणा एका रात्रीचा. रात्री दहाला कुटुंब येतं, सकाळी सातला गुजरातच्या वाटेला लागतं. दोन माणसांना दोन वड्या, दोन पाउच, म्हणजे बारा रुपये. सकाळी वडी एकदाच भिजलेली असते, पण ती दुसऱ्याला देता येत नाही, कचऱ्यातच जाते. ३६० रात्रींचे ४,३२० रुपये. डिस्पेन्सरला दोघांचे चाळीस मिली धरले तर २,३७६. महिन्याला १,९४४ सुटतात आणि वीस हजार साधारण सव्वादहा महिन्यांत वसूल होतात. अर्धी वडी फेकली जाते तिथे डिस्पेन्सर कमावतो, वडी शेवटपर्यंत झिजते तिथे नाही.

कंपनीच्या पाहुण्यांचं हॉटेल

सगळ्यांत जास्त फायदा इथे, आणि नेमके हेच मालक बिचकतात. बाटल्या काढल्या तर पाहुणा नाराज होईल अशी भीती. तीस खोल्यांचं हॉटेल धरा, अठरा भरलेल्या, महिन्याला ५४० रात्री. रोज ट्रेमध्ये आठ रुपयांची शाम्पूची बाटली, आठची शॉवर जेलची, सहाचा साबण, म्हणजे बावीस रुपये. महिन्याचे ११,८८० होतात. डिस्पेन्सरमध्ये चांगला माल घाला, कर धरून लिटरला अडीचशेचा. रात्रीला पंचवीस मिली गेले तरी साडेतेरा लिटर, ३,३७५ रुपये. सुटतात ८,५०५. इथे स्वस्तातली फिटिंग शोभणार नाही, खोलीमागे दोन हजार धरा. साठ हजार सात महिन्यांत निघतात.

कंपनीचे पाहुणे नाराज होतात का? जे परदेशी हॉटेलांत राहून आले आहेत त्यांना भिंतीवरचा पंप नवा नाही. त्यांची नाराजी असते ती गळक्या नळीवर आणि पाणी घालून वाढवलेल्या शाम्पूवर.

केळव्याच्या वाड्यांत

समुद्रकाठच्या आठ खोल्या शनिवार-रविवारीच भरतात. महिन्याला बत्तीस चेक-इन, प्रत्येकात तिघं, म्हणजे शहाण्णव माणसं. माणशी सहा रुपयांचं वडी-पाउच, एकूण ५७६. समुद्रावरून आलेला माणूस अंगाची वाळू काढायला दोनदा अंघोळ करतो. दर वेळी वीस मिली गेले तर ३.८४ लिटर, ६३४ रुपये. म्हणजे डिस्पेन्सर महागच पडला, आठ हजारांची फिटिंग वेगळीच.

तरी केळव्यात मी एका गोष्टीसाठी डिस्पेन्सरच्या बाजूने आहे. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी मचूळ असेल, तर त्यात वडीला फेस येत नाही. साबण घासत बसावा लागतो आणि अंगावर चिकट साका राहतो. पातळ बॉडीवॉशमधले घटक वेगळे असतात, जड पाण्यातही त्यांचा फेस होतो. पाहुणे 'पाणी वाईट आहे' असं म्हणतात, तेव्हा निम्म्या वेळा त्रास साबणाचा असतो. सगळ्या खोल्यांत खर्च करायचा नसेल तर अंगणातल्या शॉवरपाशी एक आणि जेवणाच्या जागेजवळच्या बेसिनवर एक, एवढे दोन पुरेत. बाकी खोल्यांत वडीच राहू द्या.

बसवताना

डिस्पेन्सर घ्यायचा तो चावीने उघडणारा, आणि आतली बाटली वेगळी निघणारा. वरून झाकण उघडून ओतायचा नको. कारण असं की अर्ध्या रिकाम्या बाटलीत नवा माल ओतत राहिलं, तर तळाशी राहिलेल्या जुन्यात जंतू वाढतात. अमेरिकेत २०११ मध्ये सार्वजनिक स्वच्छतागृहांतले असे उघडे, पुन्हा भरायचे डिस्पेन्सर तपासले तेव्हा चारांतला एक दूषित निघाला होता. रीत अशी ठेवा: बाटली पूर्ण संपू द्यायची, काढायची, गरम पाण्याने धुऊन उलटी टाकून कोरडी करायची, मगच भरायची. तोवर खोलीत दुसरी कोरडी बाटली लागते, म्हणून वीस खोल्यांना पाच-सहा बाटल्या जास्तीच्या घ्या. भरल्याची तारीख मागच्या बाजूला मार्करने लिहा. पाणी घालून वाढवणं हा तर निव्वळ मूर्खपणा. त्याने माल पातळ होतोच, पण जंतू रोखणारं द्रव्यही पातळ होतं.

चिकटपट्टीवरचा डिस्पेन्सर स्वस्त असतो आणि आपल्या दमट हवेत पावसाळ्यात एखाद्या रात्री धाडकन खाली येतो. स्क्रूनेच बसवा, आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे हवेत. खाऱ्या हवेत साधा लोखंडी स्क्रू गंजून टाइलवरून तांबडा ओघळ उतरतो. भोक पाडण्याआधी भिंतीतली पाण्याची नळी कुठून गेली आहे हे प्लंबरकडून समजून घ्या. शॉवरच्या मिक्सरच्या बरोबर वर किंवा खाली ड्रिल लावलं की शंभर रुपयांच्या कामाचं हजारांचं होतं. टाइलच्या मधल्या सांध्यात भोक पाडलं तर टाइल फुटत नाही आणि पुढे काढावं लागलं तर डागही दिसत नाही.

कॅन घेताना लेबल वाचा. उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, हे सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांनुसार लेबलावर असायलाच हवं. नुसता हिरवा द्रव आणि वर 'हर्बल' असा कॅन कितीही स्वस्त मिळाला तरी परत पाठवा.

'सरकारने छोट्या बाटल्या बंद केल्यात' असं सांगून कोणी घाई करत असेल तर फसू नका. केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या ज्या प्लॅस्टिक वस्तू बंद केल्या, त्या यादीत शाम्पूच्या बाटल्या नाहीत. प्लॅस्टिकच्या काडीचे इअरबड मात्र आहेत, आणि जुन्या 'व्हॅनिटी किट'मध्ये ते सर्रास असायचे. स्टोअररूममध्ये अशी किटं पडून असतील तर ती आधी बाजूला काढा.

पाहुण्याने काय बघावं

डिस्पेन्सरला कुलूप आहे का आणि आत काय आहे हे लिहिलंय का, एवढं बघा. झाकण सहज उघडत असेल तर आधीच्या पाहुण्याने आत काय टाकलं असेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. पंप दाबून पहिला थेंब पाण्याबरोबर सोडून द्या. पाण्यासारखा ओघळला किंवा आंबूस वास आला तर वापरू नका आणि काउंटरवर गुंडाळलेली वडी मागा. बऱ्याच ठिकाणी ती देतात, फक्त मागावी लागते. अंगावर पुरळ उठण्याची सवय असलेल्यांनी आणि लहान मुलांच्या आयांनी आपला साबण बरोबर ठेवलेलाच बरा. रंगाच्या किंवा रसायनांच्या कारखान्यात कामाला आलेल्यांनीही. हातावरचा रंग सुगंधी बॉडीवॉशने निघत नाही, तो टॉवेलवर उतरतो, आणि चेकआउटच्या वेळी टॉवेलचे पैसे मागितले जातात.

बाटल्या गेल्या म्हणून भाडं कमी होईल अशी आशा ठेवू नका. बचत रात्रीला खोलीमागे फार तर सोळा रुपयांची आहे, ती भाड्यात दिसणार नाही. टूथब्रश किंवा दाढीचं किट आता मागितल्यावर देतात, तेव्हा ते फुकट की पैसे देऊन हे घेण्याआधीच विचारा. न सांगता बिलात रक्कम धरली असेल तर आधी मॅनेजरशी बोला, बिलाचा फोटो काढून ठेवा, आणि दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

मालकांसाठी एवढंच राहिलं: सगळ्या खोल्यांची ऑर्डर एकदम देऊ नका. तीन खोल्यांत बसवा. रूमबॉयला वहीत दोनच नोंदी ठेवायला सांगा: बाटली कधी भरली आणि त्या काळात किती रात्री पाहुणा होता. महिनाभराने तुमच्या पाहुण्याचा खरा मिलीचा आकडा हाती येईल. तो वीसच्या जागी पस्तीस निघाला, तर पंप एका दाबात किती सोडतो ते बघा. एक मिलीचा पंप बऱ्याच डिस्पेन्सरना बसतो आणि उरलेल्या खोल्यांसाठी तोच मागवता येतो.