घरगुती गोबर गॅस यंत्र : आधी शेणाचा हिशेब, मग पैशाचा

कऱ्हाटीच्या प्रदेशात शेणाला दोन धनी आहेत : एक चूल आणि दुसरे शेत. बारामती व इंदापूर तालुक्यांत निरा डाव्या कालव्याखाली ऊस, चारा व दुभती जनावरे आहेत. कऱ्हेकाठच्या जिरायती पट्ट्यात मात्र पाऊस थोडा आणि सरपण दुर्मिळ. म्हणून तेथे गोवरीला मान अधिक. गोवरी जाळल्याने स्वयंपाक होतो, परंतु शेणातील सेंद्रिय द्रव्य व नत्र शेतास मिळत नाही. शेवटी हाती राख उरते, आणि धूर चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांत व छातीत जातो. ज्यांच्या घरी सिलिंडर आहे त्यांनाही तो भरून आणण्यासाठी दरवेळी रोख पैसा काढावा लागतो.

गोबर गॅस यंत्र या दोन्ही धन्यांची सोय एकाच शेणातून करते. बंद टाकीत, हवेचा संपर्क नसताना, सूक्ष्म जंतू शेण कुजवितात. त्यातून निघणाऱ्या वायूत निम्म्याहून अधिक मिथेन असतो व तो निळ्या ज्योतीने जळतो. मागे राहिलेल्या काल्यात पिकास उपयोगी नत्र, स्फुरद व पालाश शिल्लक राहतात.

हे तंत्र आपल्याकडे नवे नाही. जशभाई पटेल यांनी सिद्ध केलेला तरंगत्या टाकीचा नमुना खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६२ मध्ये स्वीकारला. १९८१-८२ पासून केंद्र सरकारने राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तरीही बांधलेली काही यंत्रे बंद पडलेली दिसतात. त्याचे एक मोठे कारण असे की, यंत्राचे माप गोठा पाहून न ठरविता अनुदानाचा आकडा पाहून ठरविले जाते.

शेण मोजावे

यंत्र घेण्याचा विचार मनात आला म्हणजे प्रथम आठ दिवस गोठ्यातील शेण रोज वजन करून वहीत लिहावे. चरावयास जाणाऱ्या जनावरांचे रानात पडलेले शेण हिशेबात धरू नये. पंचवीस किलो ताज्या शेणापासून दिवसाला सुमारे एक घनमीटर वायू मिळतो. पाच-सहा माणसांच्या स्वयंपाकास दोन घनमीटरचे यंत्र पुरते. त्यासाठी रोज पन्नास किलो शेण हवे. बांधून ठेवलेल्या चार-पाच मोठ्या जनावरांपासून ते सहसा मिळते.

शेणाइतकेच पाणी लागते, म्हणजे रोज सुमारे पन्नास लिटर. जिरायती गावांनी येथे विशेष विचार करावा. उन्हाळ्यात टँकरचे पाणी येत असेल तर गोठा धुतलेले पाणी व गोमूत्र वापरता येते. मात्र त्यात साबण किंवा फिनेल मिसळलेले नसावे, कारण त्याने जंतू मरतात. एवढेही पाणी मिळणार नसेल तर यंत्र घेऊ नये.

नमुना व जागा

नमुने मुख्यतः दोन आहेत. तरंगत्या टाकीच्या नमुन्यात वायूचा दाब एकसारखा राहतो व साठा डोळ्यांना दिसतो; परंतु लोखंडी टाकी गंजते, म्हणून तिला वेळोवेळी रंग द्यावा लागतो. दुसरा नमुना पक्क्या घुमटाचा. त्यातील ‘दीनबंधु’ हा प्रकार १९८४ मध्ये पुढे आला. त्याला लोखंड लागत नाही व तो स्वस्त पडतो. परंतु घुमटास बारीक चीर गेली तरी वायू निसटतो. म्हणून तो अनुभवी गवंड्याकडूनच बांधून घ्यावा.

जागा गोठ्याजवळ, उन्हाची, मोठ्या झाडांपासून दूर व स्वयंपाकघरास शक्य तितकी जवळ असावी. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान पंधरा मीटर अंतर ठेवावे. काळी जमीन पाण्याने फुगते व उन्हाने भेगाळते. तेथे पाया कठीण थरापर्यंत न्यावा व टाकीभोवती मुरूम ठोकून भरावा. कालव्याच्या पाझराने भूजल वर आलेले असेल तर खोल खड्डा टाळावा.

पहिले भरण

दोन घनमीटरच्या यंत्रात चाळीस दिवसांच्या मुदतीचा, म्हणजे सुमारे चार हजार लिटर काला मावतो. त्यासाठी अंदाजे दोन हजार किलो शेण आधीपासून साठवावे. शेजारच्या चालू यंत्रातील थोडा काला विरजणाप्रमाणे मिसळल्यास काम लवकर सुरू होते. आरंभी निघणाऱ्या वायूत हवा व कर्बवायू असल्याने तो सोडून द्यावा. यंत्राच्या तोंडाशी कधीही काडी ओढू नये. सांधे साबणाच्या फेसाने तपासावेत. काल्याच्या टाकीत कोणीही उतरू नये. तेथे गुदमरून मृत्यू येऊ शकतो.

पैशाचा हिशेब

राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रमाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या मुदतीत सर्वसाधारण गटासाठी केंद्रीय साहाय्य एक घनमीटरच्या यंत्रास ९,८०० रुपये व दोन ते चार घनमीटरच्या यंत्रास १४,३५० रुपये होते. ही आकडेवारी मागील मुदतीची आहे. चालू वर्षी कोणती योजना व किती रक्कम आहे, हे पंचायत समितीच्या कृषी विभागात विचारून घ्यावे. अनुदान सहसा काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर मिळते. तोवरचा पैसा आपणच उभा करावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, यंत्रास ४०,००० रुपये लागले व १४,३५० रुपये अनुदान मिळाले. घरचे २५,६५० रुपये गुंतले. महिन्याला एक सिलिंडर वाचला व त्याची किंमत ९०० रुपये धरली, तर वर्षाची बचत १०,८०० रुपये. दुरुस्तीचे १,००० रुपये वजा जाता ९,८०० रुपये उरतात. म्हणजे सुमारे दोन वर्षे आठ महिन्यांत पैसा फिटतो.

आता तेच यंत्र अर्धेच भरले आणि अर्धाच सिलिंडर वाचला, तर दुरुस्ती वजा जाता ४,४०० रुपयेच उरतात व पैसा फिटण्यास जवळजवळ सहा वर्षे लागतात. कर्ज काढले असेल तर व्याज निराळे. खर्चाचे व किमतीचे आकडे आपल्या गावचे घालून हा हिशेब प्रत्येकाने स्वतः करावा. काल्याच्या खताचे मोल त्यात धरलेले नाही; तो नफा शेतात दिसेल.

निगा

शेणातील काडीकचरा व खडे काढून, पाण्यात चांगले कालवून, रोज ठरलेल्या वेळी भरण करावे. नळीतील पाणी वरचेवर काढावे. थंडीत वायू कमी मिळतो. तेव्हा कोमट पाण्यात शेण कालवावे. बाहेर पडणारा काला खड्ड्यात पालापाचोळ्यावर सोडावा, म्हणजे उत्तम कंपोस्ट होते.

यंत्रास शौचालयही जोडता येते. पुणे जिल्ह्यातील देहू येथे डॉ. मापुसकर यांनी या कामास आयुष्य वाहिले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. जोडणी करावयाची असल्यास बांधकामापूर्वीच ठरवावी.

ग्रामकार्यकर्त्यांसाठी

अर्ज भरून घेण्यापूर्वी आठ दिवसांची शेणाची वही पाहावी. रोज शेण कोण कालवणार, हे घरातील स्त्रियांच्या समक्ष विचारावे. कारण हे काम बहुधा त्यांच्याच वाट्यास येते, आणि धुरापासून सुटकाही त्यांचीच व्हावयाची असते. यंत्र सुरू झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांत निदान तीन वेळा भेट द्यावी. गावात बांधलेल्या यंत्रांची संख्या सांगण्यापेक्षा, आज सकाळी किती घरी त्यावर चहा झाला हे सांगता यावे. आपल्या कामाची खरी मोजणी तीच होय.