पऱ्हाटीचा कोळसा आणि पाण्यातील विष

इंदूरहून निमाडात उतरले की कापसाची शेते लागतात. वेचणी संपली म्हणजे पऱ्हाट्या पेटवून द्यावयाच्या, हा पुष्कळ ठिकाणचा रिवाज. धूर होतो, राख उडते आणि एक उपयोगी वस्तू हातची जाते. ती कोणती, ते आपण पाहू.

कारखान्यांच्या सांडपाण्यातून शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू ओढ्यात, विहिरीत व भाजीपाल्यात उतरू शकतात. ते कुजत नाहीत आणि पाणी उकळूनही जात नाहीत. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण वाढते. जपानात जिंझू नदीकाठी खाणीतील कॅडमियम भातात उतरले व लोकांची हाडे ठिसूळ झाली. रोगाचे नावच पडले ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखते, दुखते’. त्याचे हे कारण जपान सरकारने १९६८ साली मान्य केले. आपल्या भारतीय मानकानुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात शिसे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये.

आता पऱ्हाटीकडे वळू. पऱ्हाटी, तुरकाट्या किंवा भाताची तूस बंद भट्टीत, हवा जवळजवळ न देता, सुमारे ३०० ते ७०० अंश सेल्सिअसवर भाजली, तर राख न होता कोळसा होतो. त्यास ‘बायोचार’ म्हणतात. तो अतिशय सच्छिद्र असतो आणि त्याच्या पृष्ठभागावर ऋण विद्युत्भार असतो. पाण्यात विरघळलेल्या शिशाचे, कॅडमियमचे कण धनभारित असल्याने त्यास चिकटून बसतात. शिवाय त्यातील क्षारांमुळे पाण्याचा आंबटपणा कमी होऊन काही धातू साक्याच्या रूपाने खाली बसतात.

मात्र एक गोष्ट विसरू नये. कोळसा धातूला धरून ठेवतो, नाहीसा करीत नाही. शेतात मिसळल्यास धातू जमिनीतच राहतो. पिकात कमी जातो, इतकेच. पाणी गाळून झालेला कोळसा चुलीत घातला, तर धातू राखेत उरतो. वाफ्यात टाकला, तर विष पुन्हा आपल्याच ताटात येण्याची भीती. त्याची विल्हेवाट घातक कचऱ्याप्रमाणेच लावली पाहिजे. आर्सेनिकला तर साधा कोळसा फारसा लागू पडत नाही. त्यावर लोहाचा संस्कार करावा लागतो. म्हणून घरी कोळशाची गाळणी केली, एवढ्यावर पाणी निर्धास्तपणे पिऊ नये. प्रयोगशाळेतील तपासणी आधीही हवी आणि नंतरही.

आपल्या वाडवडिलांनी या मुलखात विहिरी बांधल्या. त्यांचे पाणी एकदा तपासून घेणे, एवढे तरी आपण या महोत्सवी वर्षात करू या.