परक्या सूर्याचा ग्रह

निरभ्र रात्री आकाशाकडे पाहणाऱ्या माणसाच्या मनात एक प्रश्न फार पूर्वीपासून उभा राहत आला आहे. आपल्या सूर्याभोवती जसे ग्रह फिरतात, तसे इतर ताऱ्यांभोवतीही फिरत असतील काय? प्रत्येक तारा हा एक सूर्यच आहे, हे विज्ञानाने पुढे सिद्ध केले. परंतु सूर्यासारख्या दुसऱ्या एखाद्या ताऱ्याला ग्रह आहे, असे खात्रीने सांगणे १९९५ सालापर्यंत कोणालाही शक्य झाले नव्हते.

याचे कारण उघड होते. ग्रह ताऱ्याच्या उजेडाने प्रकाशतो आणि त्याच उजेडात लोपून जातो. गॅसबत्तीला टेकून बसलेला काजवा कोसभर अंतरावरून दिसावा कसा? म्हणून ग्रह प्रत्यक्ष पाहण्याचा नाद सोडून, त्याचा ताऱ्यावर काही परिणाम होतो काय, हे शोधणेच शहाणपणाचे होते.

थोरला भाऊ धाकट्याचे हात धरून त्याला गरगर फिरवू लागला, म्हणजे धाकटा मोठ्या वर्तुळात फिरतो. पण थोरल्याचे पायही एका जागी ठरत नाहीत. तोल सांभाळण्यासाठी त्यालाही लहानशा वर्तुळात सरकावे लागते. अंधारात धाकटा दिसला नाही, तरी थोरल्याच्या हालचालीवरून त्याने कोणाला तरी धरले आहे, हे चतुर माणूस ओळखतो. ग्रह आणि तारा यांचे नाते असेच आहे. ग्रहाच्या ओढीने तारा किंचित डुलतो. कधी आपल्याकडे येतो, तर कधी दूर जातो.

हे डुलणे ताऱ्याच्या प्रकाशावरून कळते. शिट्टी वाजवीत येणाऱ्या आगगाडीचा सूर चढा वाटतो आणि ती दूर जाऊ लागताच तो उतरतो. त्याचप्रमाणे तारा जवळ येताना त्याच्या वर्णपटातील काळ्या रेषा जांभळ्या टोकाकडे सरकतात आणि दूर जाताना तांबड्या टोकाकडे. परंतु हे सरकणे अतिशय सूक्ष्म असते. गुरूसारखा प्रचंड ग्रहदेखील आपल्या सूर्याला सेकंदाला अवघ्या साडेबारा मीटर वेगाने हलवितो, आणि त्याची एक प्रदक्षिणा पुरी व्हावयास सुमारे १२ वर्षे लागतात. यावरून, महाकाय ग्रह ताऱ्यापासून दूरच असावयाचे आणि त्यांच्या शोधासाठी वर्षानुवर्षे निरीक्षण करावयाचे, असा समज दृढ झाला होता. महाकाय ग्रह ताऱ्याच्या अगदी जवळही असू शकेल, असे ऑटो स्ट्रूव्ह या खगोलशास्त्रज्ञाने १९५२ सालीच सुचविले होते. परंतु त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

१९९४ साली स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा येथील मिशेल मायोर आणि त्यांचे तरुण शिष्य दिदिए केलोझ यांनी सूर्यासारख्या १४२ ताऱ्यांचे निरीक्षण आरंभले. दक्षिण फ्रान्समधील ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत १.९३ मीटर व्यासाच्या दुर्बिणीला त्यांनी ‘एलोडी’ नावाचे नवे वर्णपटयंत्र जोडले होते. त्यांच्या यादीत महाश्व तारकासमूहातील ५१ क्रमांकाचा तारा होता. पूर्वा भाद्रपदा नक्षत्राच्या दोन ताऱ्यांना जोडणाऱ्या रेषेजवळच हा मंद तारा आहे. पृथ्वीपासून त्याचे अंतर सुमारे ५० प्रकाशवर्षे आहे.

मायोर त्या वेळी हवाई बेटांवर गेले होते आणि निरीक्षणांचा भार केलोझ यांच्यावर होता. या ताऱ्याचा वेग दर वेळी निराळा भरतो, हे पाहून ते घाबरून गेले. आपल्याच यंत्रात किंवा गणितात चूक असली पाहिजे, असे त्यांना वाटले. त्यांनी सारे गणित पुन्हा पुन्हा तपासले, पण चूक सापडेना. तारा सेकंदाला सुमारे ६० मीटर वेगाने मागेपुढे होत होता आणि हा फेरा दर सव्वाचार दिवसांनी पुरा होत होता. याचा अर्थ एकच होता: गुरूच्या निम्म्या वस्तुमानाचा एक महाकाय ग्रह ताऱ्यापासून केवळ पाऊण कोटी किलोमीटरवर फिरत असला पाहिजे. आपला बुध सूर्यापासून पावणेसहा कोटी किलोमीटरवर आहे आणि त्यालाही एका प्रदक्षिणेस ८८ दिवस लागतात!

एवढा मोठा शोध हाती आला असता, तो जगाला सांगण्याचा मोह कोणालाही झाला असता. परंतु परग्रहांच्या शोधाची पूर्वीची काही विधाने खोटी ठरली होती, हे मायोर जाणून होते. शिवाय १९९५ च्या वसंतात तो तारा सूर्याच्या तेजाआड गेला. तेव्हा गुरुशिष्यांनी धीर धरला. तारा पुन्हा दिसू लागेल, तेव्हा कोणत्या रात्री त्याचा वेग किती असेल, याचे गणित त्यांनी आधीच करून ठेवले. जुलै महिन्यात दुर्बीण ताऱ्याकडे वळली आणि वेग गणिताबरहुकूम भरला. मग ६ ऑक्टोबर १९९५ रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे भरलेल्या परिषदेत त्यांनी हा शोध जाहीर केला.

थोड्याच दिवसांत अमेरिकेतील लिक वेधशाळेने या निरीक्षणास दुजोरा दिला. तेथील शास्त्रज्ञांनी आपली जुनी निरीक्षणे नव्या दृष्टीने तपासली आणि १९९६ च्या आरंभी आणखी दोन ताऱ्यांचे ग्रह जाहीर केले. तरीही शंका संपल्या नव्हत्या. ताऱ्याचा पृष्ठभागच स्पंदन पावत असावा, असा आक्षेप १९९७ साली एका विद्वानाने घेतला. परंतु नवा पुरावा मिळताच १९९८ साली त्यानेच तो मोकळेपणाने मागे घेतला. पुढे १९९९ साली महाश्वातीलच दुसऱ्या एका ताऱ्यासमोरून त्याचा महाकाय ग्रह जाताना ताऱ्याचा प्रकाश सुमारे शतांश दीड ते दोन भागांनी उणावलेला दिसला. ज्याची केवळ ओढ जाणवत होती, त्याची जणू सावलीच दिसली!

असे ग्रह ताऱ्यापासून दूर, थंड प्रदेशात जन्म घेऊन पुढे आत सरकले असावेत, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. परग्रहांची गणना २०२२ साली पाच हजारांच्या पुढे गेली. मायोर व केलोझ यांना २०१९ सालच्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग देण्यात आला.

तो ग्रह तेथे कधीपासूनच फिरत होता. ‘असे असणारच नाही’ ही समजूत त्याच्या आड आली होती. निरीक्षणावर विश्वास आणि स्वतःवर संशय, या दोहोंच्या बळावर एका तरुण संशोधकाने ती दूर केली.

स्वाध्याय
१. ग्रह प्रत्यक्ष न दिसताही त्याचे अस्तित्व कसे ओळखता येते?
२. केलोझ यांना आरंभी आपल्या निरीक्षणाची भीती का वाटली?
३. मायोर व केलोझ यांनी शोध जाहीर करण्यास विलंब का केला? तो योग्य होता काय?
४. वाक्यांत उपयोग करा: दुजोरा देणे, धीर धरणे, नाद सोडणे.