पॉलिसी ट्रंकेत, पेशंट रिक्षात

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला, पण मजकूर लक्षात ठेवा. मी एका कागदावर न वाचता सही केली आणि ती ८,१०० रुपयांना पडली. पैसे माझे नव्हते, म्हणून जास्त लागलं.

मागच्या पावसाळ्यात माझ्या रूममेटला ताप आला. ‘व्हायरल असेल’ म्हणत आम्ही दोन दिवस गोळ्यांवर काढले. तिसऱ्या रात्री तिच्या पोटात भयंकर दुखू लागलं, उलट्या थांबेनात. रेक्टर मॅडमना उठवलं, रिक्षा केली आणि सांगितलं, “चांगल्या हॉस्पिटलला चला.” आमच्या दृष्टीने चांगलं म्हणजे काचेचा दरवाजा आणि ए.सी. लॉबी! डेंग्यू निघाला. काउंटरवर विचारलं, “जनरल वॉर्ड की सिंगल रूम?” आम्हाला रात्री थांबता यावं म्हणून मी ‘सिंगल’वर टिक केली आणि सही ठोकली.

तीन दिवसांत ती बरी झाली. बिल ३०,००० रुपये. तिचे बाबा रात्रीच्या एसटीने आले ते उसने पैसे घेऊनच. आणि अॅडमिशनच्या वेळी फीबरोबर काढलेल्या ग्रुप मेडिक्लेमचं कार्ड? ते तिच्या ट्रंकेत, बोनाफाईडच्या फाईलमध्ये!

त्यानंतर मी ती पॉलिसी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. सबमिशनसाठी सुद्धा मी इतकं वाचलेलं नाही. त्यातून शिकलेले धडे असे :

१) कॅशलेस कुठे? कंपनीची हॉस्पिटलांची एक यादी असते, तिला नेटवर्क म्हणतात. यादीतल्या हॉस्पिटलात विमा डेस्कवर कार्ड दाखवलं की मंजुरीचा अर्ज कंपनीकडे किंवा तिच्या टी.पी.ए.कडे जातो. विमा नियामक ‘इर्डाई’च्या २०२४ च्या परिपत्रकानुसार या अर्जावर १ तासात आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरीवर ३ तासांत निर्णय द्यायचा असतो. आमचं काचेचं हॉस्पिटल यादीत नव्हतं. म्हणजे आधी आपण भरा, मग क्लेम करा.

२) रूमचं गणित. हे नीट बघा. विमा १ लाखाचा, रूमची मर्यादा रोज १ टक्का, म्हणजे १,००० रुपये. आम्ही घेतली २,५०० ची. गुणोत्तर ०.४. आता बिल :
रूम ७,५०० : मिळाले ३,०००.
डॉक्टरांची फी ६,००० : मिळाले २,४००.
औषधं आणि तपासण्या १६,५०० : पूर्ण मिळाले.
एकूण २१,९००. खिशातून ८,१००.

डॉक्टरांची फी का कापली? कारण रूम महाग झाली की तिथे व्हिजिटची फीसुद्धा वाढते. म्हणून कंपनी त्याच प्रमाणात कात्री लावते. औषधं, तपासण्या आणि आय.सी.यू. यांना ही कात्री लावता येत नाही, असा इर्डाईचा २०२० चा नियम आहे. जनरल वॉर्ड घेतला असता तर ही कात्री लागलीच नसती. मी एक टिक चुकीच्या चौकोनात केली, बस्स.

३) अॅडमिट म्हणजे किती? बहुतेक पॉलिसींत किमान २४ तास. मोतीबिंदू, डायलिसिस अशा ‘डे केअर’ उपचारांना सूट असते. नुसती ओ.पी.डी. सहसा मिळत नाही. अचानक भरती झाल्यास साधारण २४ तासांत कंपनीला कळवायचं. डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं, रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या जपायच्या. (आम्ही एक पावती वडापावच्या कागदात गुंडाळून टाकली होती. शोधताना कचरापेटीशी चांगलीच ओळख झाली!)

४) दरवेळी मोठं हॉस्पिटल कशाला? साध्या तापाला आधी कॉलेजचा दवाखाना. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले. शिवाय घरी रेशन कार्ड असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. त्यात ठरावीक आजारांवर, यादीतल्या हॉस्पिटलात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. तिथे ‘आरोग्यमित्र’ बसतो, त्याला भेटा.

५) पण जीवावर बेतलं तर यादी बघत बसू नका. डेंग्यूत पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, धाप लागणं ही धोक्याची लक्षणं. अशा वेळी १०८ फिरवा आणि जवळचं हॉस्पिटल गाठा. तातडीच्या रुग्णाला आधी उपचार, बाकी सगळं नंतर, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलं आहे.

६) क्लेम चुकीचा नाकारला तर? आधी कंपनीकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही.

क्लेमचे पैसे आले तेव्हा मी तिच्या बाबांना फोन करून रूमचं सगळं सांगून टाकलं. ते हसून म्हणाले, “पोरी, तू रातभर तिच्यापाशी बसलीस, त्याचं बिल कुनी लावलं का?” मला काही बोलताच आलं नाही.

तर, आज एवढं करा. कार्ड ट्रंकेतून काढा. एक झेरॉक्स पाकिटात, एक रेक्टरांकडे, एक फोटो रूममेटच्या मोबाईलमध्ये. जवळच्या तीन नेटवर्क हॉस्पिटलांची नावं आणि रूमची मर्यादा दारामागे चिकटवा. आमच्या दारामागे आता मेसच्या टाईमटेबलच्या वर तोच कागद आहे. अक्षर माझं आहे, शुद्धलेखन रूममेटने तपासलंय!